गोजरबाईंनी नाव घेतलं

भिंगारच्या छावणीत, मेसच्या नोकरांच्या चाळीत, गोजरबाई लवांडे कुणाला भीत नाहीत ही गोष्ट सर्वमान्य होती. न मानणाऱ्याला त्या दोन दिवसांत मानायला लावत. नळावर भांडण पेटायचं असलं की बाया आधी गोजरबाई घरात आहेत का ते बघून घेत आणि मगच तोंड उघडत. एकदा मोरीत नाग निघाला. शेजारचे दोन हवालदार काठ्या आणायला पळाले. ते काठ्या घेऊन येईपर्यंत गोजरबाईंनी नाग चिमट्यात धरून नाल्यापलीकडं फेकला होता आणि हात धुऊन भाकरी थापायला बसल्या होत्या. नाग पुन्हा आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

त्यांचे यजमान मच्छिंद्रराव म्हणजे लष्कराच्या मेसमध्ये एकतीस वर्षं आचारी. साहेबलोकांना पुडिंग करून घालणारा हा माणूस घरात चुलीला हात लावू शकत नव्हता. ‘तुमचं ते हलणारं खाणं तिकडं ठेवा,’ असा हुकूम होता. नोकरी संपल्यावर त्यांच्याकडं उरलं ते एक खाकी कोट, एक हिंदी बोलायची सवय आणि गोजरबाई. तिन्ही गोष्टी त्यांनी जपून वापरल्या.

दोघंही मूळचे पाथर्डीकडचे. तिकडं घरटी एक मूल नाथांच्या नवसाचं. गोरक्ष, गहिनी, कानिफ, मच्छिंद्र. भर गल्लीत ‘ए मच्छिंद्रा’ म्हणून हाक मारा, चार दारं उघडतील आणि एक बैलही वळून बघेल. या गावात ज्या बाईच्या नवऱ्याचं नाव मच्छिंद्र, तिचे किती हाल! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे गोजरबाईंच्या आईनं त्यांना लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि गोजरबाईंनी ते असं धरलं की नवऱ्याच्या नावाचा वाराही जिभेला लागू दिला नाही. मच्छरदाणीला त्या ‘डासाची जाळी’ म्हणत. मायंब्याच्या डोंगरावर मच्छिंद्रनाथांच्या समाधीला गेल्या तर सगळे जयजयकार करत आणि या नुसते ओठ हलवत. देवाला त्या ‘मोठे बाबा’ म्हणत. लग्नात नि डोहाळजेवणात उखाण्यात नाव घ्यायचं तेवढं चालतं. उखाण्यातलं नाव देव मोजत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा हिशेब देवाला कुणी विचारला होता का, असं मी एकदा म्हणालो. त्यावर आठवडाभर माझ्या घरी त्यांच्याकडचं विरजण आलं नाही.

तर अशा या गोजरबाई एकाहत्तर सालच्या पाडव्यानंतर यजमानांबरोबर नेपाळला गेल्या. नगरचे आबासाहेब म्हणून एक गृहस्थ यात्रेची बस काढत. काशी, अयोध्या आणि शेवटी काठमांडू. या आबासाहेबांच्या गळ्यात एक शिट्टी असे. तीन शिट्ट्या झाल्या की बस सुटणार, मग आत कोण आहे आणि कोण नाही हे बघायचं नाही. मागच्या खेपेला अयोध्येत एक म्हातारा असाच मागं राहिला आणि सव्वा महिन्यानं घरी आला तो दाढी वाढवून, असं बसमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आबासाहेब ते नाकारत नसत. त्यांना ते उपयोगी पडे.

गोजरबाईंच्या शेजारच्या बाकावर बायडाबाई. या बाईला जगातलं प्रत्येक वाईट आधी कळतं. रक्सौलची हद्द ओलांडली तशी ती गोजरबाईंच्या कानाला लागली.

“बाई, आता आपला मुलूख संपला बरं. हिकडं आपलं पोलीस न्हाई, आपला कायदा न्हाई. हिकडं राजा हाय.”

“मग असू दे की. आपल्याला काय त्याच्या पंगतीला जायाचंय?”

“तसं न्हाई. हिकडं हरवलेलं माणूस सरकारजमा हुतंय म्हनं.”

“म्हंजी?”

“म्हंजी जमा. राजाच्या गोठ्यात श्यान काढायला.”

गोजरबाई हसल्या. पण त्या हसण्यात नेहमीची ताकद नव्हती, हे मच्छिंद्ररावांनी टिपलं. एकतीस वर्षं भाजीतलं मीठ वासावरून ओळखणारा माणूस होता तो.

तीन दिवस ठीक गेले. पशुपती झाला, डोंगरावरचा डोळेवाला स्तूप झाला. चौथा दिवस शेवटचा. आबासाहेबांनी सकाळी जाहीर केलं, “बाजार बघा, खरेदी करा, पण चारच्या ठोक्याला धर्मशाळेपाशी या. घाटातल्या मुक्कामाला अंधाराच्या आत पोचायचंय. चारला तीन शिट्ट्या. मग मी नाही आणि तुम्ही नाही.”

मच्छिंद्रराव बायकोला घेऊन शहराच्या जुन्या बाजारात गेले. सहा गल्ल्या एका चौकात येऊन मिळतात असा तो बाजार. धान्य, तांब्याची भांडी, वाळलेली मिरची, नि मसाल्यांच्या पोत्यांची रांग. आणि आचारी मनुष्य मसाल्यापाशी आला की त्याला बायको दिसत नाही. ते एका पोत्यातून काही तरी उचलून नाकाला लावत होते, दुकानदाराला प्रश्न विचारत होते. गोजरबाईंनी दोनदा कोपर मारलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “बसा मग त्या पोत्यावर. मी चालले.” आणि चार पावलं पुढं निघून तांब्याच्या कळशीची किंमत विचारू लागल्या.

कळशी महाग होती. गोजरबाई वळल्या तर खाकी कोट पुढं निघालेला दिसला. त्या त्याच्या मागं लागल्या आणि चालता चालता बोलू लागल्या. आयुष्यभर घरी काय काय दुर्लक्ष झालं, थोरलीच्या लग्नात कोण कुठं झोपलं होतं, दळणाचं पीठ जाडं आलं तेव्हा कोण हसलं होतं, सगळं. एक अख्खी गल्ली त्यांनी त्या पाठीला सुनावली. पाठीनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही, म्हणून तर त्यांना संशय आला नाही. ही नेहमीचीच पाठ. शेवटी त्यांनी कोटाची बाही ओढली.

कोट वळला. आत एक म्हातारा नेपाळी होता. चपटं नाक, बारीक डोळे, डोक्यावर त्यांची ती तिरकी टोपी. तो फार सौम्यपणे हसला.

गोजरबाईंचा हात बाहीवरच राहिला. मग त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. समोरून एक खाकी कोट येत होता. त्याच्या मागं दुसरा. पलीकडं चहाच्या दुकानात तीन बसलेले. त्या शहरातले निम्मे म्हातारे पलटणीतून निवृत्त झालेले, आणि पलटणीचा कोट कुणी फाटेपर्यंत सोडत नाही. जिकडं बघावं तिकडं पाठ मच्छिंद्ररावांची आणि तोंड परक्याचं.

त्या मागं फिरल्या. मसाल्याची गल्ली सापडेना. एक गल्ली भांड्यांची निघाली, एक कापडाची, एक नुसत्या मण्यांची. मग एका वळणावर त्यांना जटा वाढवलेला, गळ्यात रुद्राक्ष, अनवाणी असा एक बैरागी भिंतीला टेकून बसलेला दिसला. देवाचा माणूस आहे, सांगेल, म्हणून त्या त्याच्यापुढं वाकल्या. “महाराज, खाकी कोट घातलेले आमचे हे बघितले का?” बैराग्यानं मान वर केली. डोळे निळे, मिशी सोनेरी. गोऱ्या साहेबाचा पोरगा. तो दात काढून “नमस्ते” म्हणाला. गोजरबाई तिथून ज्या पळाल्या त्या चार गल्ल्या ओलांडूनच थांबल्या, आणि थांबल्यावर कळलं की आता मुळीच काही ओळखीचं उरलं नाही.

धर्मशाळेचं नाव चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. चिठ्ठी खाकी कोटाच्या खिशात. पैसे त्याच खिशात. गोजरबाईंच्या जवळ काय? हिरवं नऊवारी लुगडं, कनवटीला तंबाखू आणि मराठी भाषा. गळ्यातल्या काळ्या पोतीला त्यांनी असं घट्ट धरलं की मणी बोटात रुतले. बायडाबाईचा राजाचा गोठा डोळ्यांपुढं आला आणि त्यात एकेक गाय मोजता येईल इतका स्पष्ट दिसला.

लोक जमले. एक तरुण पोलीस आला. “आमा, कहाँ जाने?” तो म्हणाला. आमा म्हणजे आई हे गोजरबाईंना कसं कळलं कुणास ठाऊक. त्या रडायच्याच बेतात आल्या. पोलिसानं एका मारवाडी कापडवाल्याला हिंदी बोलायला पुढं केलं.

“माताजी, कहाँ ठहरे हो?”

“धर्मशाळा. नदीकाठची.”

मारवाड्यानं पोलिसाला सांगितलं. पोलिसानं बोटं मोजली. एक नदी, दुसरी नदी, तिसरी. प्रत्येकीच्या काठावर धर्मशाळाच धर्मशाळा. त्यानं मान हलवली.

“साथ में कौन है?”

“आमचे हे.”

“हे? हेमराज?”

“न्हाई वो. हे. बेबीचं वडील.”

“बेबी कहाँ है?”

“बेबी राहुरीला, सासरी. तिला कशाला आणता मधी?”

“आदमी का नाम, माताजी. नाम बताओ, तो हम ढूँढें.”

नाव. सगळी गर्दी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. लांब कुठं तरी घड्याळाच्या मनोऱ्यानं ठोके दिले. त्यांनी मोजले. तीन. म्हणजे आणखी एक तास, मग तीन शिट्ट्या. आणि मच्छिंद्रराव बसमध्ये चढणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. तेही मागंच राहणार. दोघं दोन टोकांना, परमुलखात, एकमेकांच्या पाठी शोधत. साठीचा माणूस, छातीला सर्दी धरते, रात्री गरम पाणी लागतं.

मग बाईनं एक तोड काढली. ऐकून मी तरी तीन दिवस हसत होतो. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, पोलिसापुढं ताठ उभ्या राहिल्या आणि लग्नमंडपात म्हणावं तसं म्हणाल्या:

“पशुपतीच्या पिंडीवर बेलाचं पान,
मच्छिंद्ररावांचं नाव घेते, हरवलंय माझं ध्यान!”

पोलिसानं मारवाड्याकडं पाहिलं. मारवाडी म्हणाला, “भजन कर रही है.” पण गर्दीतल्या एका म्हातारीनं नेमका शब्द पकडला. “मछिन्द्रनाथ!” ती आनंदानं ओरडली. मग सगळ्यांचे चेहरे उजळले. अहो, सरळ सांगायचं ना! त्या शहरात मच्छिंद्रनाथ हा मोठा देव. त्याचं देऊळ शेजारच्याच गल्लीत, आणि नेमका त्याच दिवसांत त्याचा रथ निघालेला. परमुलखातली माउली मच्छिंद्रनाथासाठी वेडी होऊन फिरतेय! दोन बायांनी गोजरबाईंचे दोन हात धरले आणि चौकाकडं नेलं.

“तो न्हाई!” गोजरबाई ओरडत होत्या. “त्यो देव! माझा येगळा! माझा मच्...” आणि तिथं त्यांनी जीभ चावली. बाया आणखीच भारावल्या. एकीनं त्यांच्या कपाळाला शेंदूर लावला.

चौकात रथ आलेला होता. माणसाच्या उंचीची चाकं, त्यावर रंगवलेले डोळे, आणि वर वेताचा हिरवा मनोरा घराच्या कौलांच्याही वर गेलेला. शेकडो माणसं दोर ओढत होती. ओढ बसली की तो मनोरा एका बाजूला असा झुकायचा की चौकातल्या सगळ्यांचा श्वास अडकायचा. मग दुसऱ्या बाजूला. गोजरबाईंना वाटलं, हा आता पडतो, आपल्यावरच पडतो. गर्दीनं त्यांना रेटत रेटत एका लहान देवळाच्या दगडी चौथऱ्यावर नेऊन टाकलं. तिथून सगळा चौक दिसत होता. हजार डोकी. त्यात शंभर खाकी कोट. खांबाला धरून त्या कशाबशा उभ्या होत्या. नाग चिमट्यात धरणाऱ्या बाईचे हात गार पडले होते.

लांबच्या त्या घड्याळानं साडेतीनचा ठोका दिला.

इथं गोजरबाईंनी काय विचार केला ते त्यांनी मला पुढं स्वतः सांगितलं. भाकरी परतत सांगितलं, माझ्याकडं न बघता. “भाऊजी, म्हनलं, नाव घेतलं तर त्यांचं आविष्य घटतंय. न घेतलं तर मानूसच गावत न्हाई. मंग इचार केला. थोडक्या आविष्याचा का हुईना, पर नवरा पायजे.”

त्यांनी डोळे मिटले आणि पाथर्डीच्या माळावर अर्ध्या कोसावरच्या माणसाला हाक मारतात तशी हाक मारली.

“मच्छिंद्राऽऽऽ!”

चौक दुमदुमला. म्हणजे काय, चौकातल्या हजार माणसांनी तोच जयजयकार उचलून धरला. “मछिन्द्रनाथ!” गोजरबाईंची हाक त्यात मिठाच्या खड्यासारखी विरघळली. त्या पुन्हा ओरडल्या, लोक पुन्हा ओरडले. त्या जितक्या जिवाच्या आकांतानं ओरडत, तितका लोकांना चेव येई. दोर ओढणाऱ्यांना तर वाटलं, चौथऱ्यावर कुणाच्या अंगात आलं आहे. रथ भराभर पुढं सरकू लागला.

एवढ्या वर्षांचं राखलेलं नाव खर्चून काही हाती लागेना, तेव्हा मात्र गोजरबाईंची भीती उलटली. तिचा संताप झाला.

“तुमी न्हाई रं, मेल्यांनो! गप बसा! ए मच्छिंद्राऽऽ! भिंगारच्याऽ! कुटं उलथलास मसाला हुंगत? शंभर सायबांना जेवू घालतोस आन् एक बायको सांभाळता येत न्हाई व्हय रं? ये हिकडं, न्हाई तर ह्या राजाच्या गोठ्यात मी श्यान काढीन आन् तू बस मिशीला तूप लावत!”

मच्छिंद्रराव त्या वेळी चौकाच्या दुसऱ्या टोकाला होते. तासभर ते त्या सहा गल्ल्यांतून ‘हिरवं लुगडं, हिरवं लुगडं’ करत धावत होते. हिरवं लुगडं हिंदीत कसं सांगायचं हे त्यांना ऐन वेळी आठवेना, म्हणून हातानंच कासोटा दाखवत होते आणि लोक त्यांना शौचकूप दाखवत होते. ते मला म्हणाले, “अण्णा, मच्छिंद्रनाथाचा गजर चालूच होता. माझ्या कानाला ते आपलं नाव वाटतच नव्हतं. हिच्या तोंडून ते उखाण्याबाहेर कधी ऐकलंच नाही, तर ओळखणार कसं? पण मग ऐकू आलं की कुणी तरी देवाला शिव्या देतंय. आणि त्याही आपल्या नगरी. म्हटलं, देवाशी या भाषेत बोलणारी त्रिभुवनात एकच बाई.”

ते गर्दी फाडत चौथऱ्यापाशी आले. गोजरबाई अजून ओरडतच होत्या, डोळे मिटून. मच्छिंद्ररावांनी खालून बायकोचा पदर ओढला.

“हळू बोल. लोकं बघत्यात.”

गोजरबाईंनी डोळे उघडले. खाकी कोट. त्यांनी आधी वर तोंड बघून घेतलं. तोंडही बरोबर होतं. मग त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. एकदम पांढऱ्या पडल्या आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं.

सायकलरिक्षानं ते धर्मशाळेपाशी पोचले तेव्हा दोन शिट्ट्या होऊन गेल्या होत्या आणि आबासाहेब तिसरीसाठी गाल फुगवून उभे होते. ती शिट्टी त्यांनी या दोघांच्या तोंडावर वाजवली. “बाई, कपाळाला हे काय?” बायडाबाईनं विचारलं. गोजरबाईंनी पदर पुढं ओढला. बायडाबाईला वाटलं, सरकारजमा करताना शिक्का मारतात तोच.

बस घाटाला लागली. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि वाट अशी की पुढचं चाक वळलं तरी मागचं अजून आधीच्याच वळणावर. सगळे दरीकडं बघून देवाचं नाव घेत होते. गोजरबाई नवऱ्याकडं बघत होत्या. ते खोकले, त्या दचकल्या. ते खिडकीतून वाकले, त्यांनी कोट धरून मागं ओढला. प्रत्येक वळणावर त्यांना वाटत होतं, आता. इथं. मी घेतलेल्या नावाचं फळ इथं. किती वेळा घेतलं? पाच वेळा, का सहा? एकेका वेळेला किती वर्षं जात असतील? हे आईनं सांगितलं नव्हतं.

अखेर त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “म्या तिथं वरडत हुते. तुमाला काय ऐकू आलं?”

मच्छिंद्ररावांनी बायकोकडं पाहिलं. तिनं अजून त्यांचा कोट सोडला नव्हता. त्या माणसाला सगळं समजलं.

“शिव्या,” ते म्हणाले.

“आन्?”

“आन् काय? शिव्याच. मसाला हुंगत उलथलास, तूप लावत बस. तेवढंच.”

“त्याच्या आदी? कुनाचं नाव बिव?”

“नाव? रथाचा एवढा गलका. नाव कुणाचं ऐकू येणार?”

“म्हंजी तुमच्या कानावर पडलं न्हाई?”

“न्हाई.”

गोजरबाई विचारात पडल्या. ज्याचं नाव त्याच्या कानावर पडलंच नाही, तर ते घेतलं असं होतं का? बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. पण बाई पक्की. त्यांनी मान पुढं केली. “माझ्या गळ्याची आन घ्या.”

आता मच्छिंद्ररावांची पाळी. नवऱ्याचं नाव घेतल्यानं काही होतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. मेसमधल्या साहेबांच्या बायका दिवसभर नवऱ्यांना नावानं बोलावत आणि साहेब धडधाकट राहत. पण खोट्या शपथेवर होता. खोटी शपथ घेतली की ज्याच्या गळ्याची घेतली त्याला बाधते. बाजूला दरी होती, समोर बायकोचा गळा होता, आणि त्यावर काळी पोत हलत होती.

“घ्या की.”

त्यांनी दोन बोटं तिच्या गळ्याला लावली. “तुझ्या गळ्याशपथ. नाव ऐकलं न्हाई.”

गोजरबाईंनी मोठा सुस्कारा टाकला, डोकं त्यांच्या खाकी खांद्यावर टेकलं आणि पुढच्याच वळणाला घोरू लागल्या. मच्छिंद्रराव मात्र मुक्कामाची रात्र धरून रक्सौल येईपर्यंत टक्क जागे. दर थोड्या वेळानं तिच्या नाकाशी बोट धरून बघत होते.

“अण्णा,” चहाच्या टपरीवर ते मला म्हणाले, आधी आजूबाजूला पाहून, “चौथऱ्याकडं येताना स्वच्छ ऐकलं हो. ‘मच्छिंद्रा’ म्हणाली. तीन वेळा. अंगावर काटा आला. जन्मात एवढं गोड काही ऐकलं न्हाई.” आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. “पण गळ्याची शपथ घेतली ना.”

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. गोजरबाई पूर्वीसारख्याच कुणाला भीत नाहीत. चाळीत भीती आता एकाच घरात राहते आणि ती खाकी कोट घालते. परवा सकाळी नळावर गोजरबाईंना लागोपाठ दोन शिंका आल्या. दुपारी बाराच्या उन्हात मच्छिंद्रराव सुंठ शोधत भिंगारचा सगळा बाजार पालथा घालत होते, आणि दुकानदारानं “एवढी कशाला?” विचारलं तर त्याच्यावर ओरडत होते.